सड्यावरून समुद्र: औशाहून कशेळीच्या कड्यापर्यंत

माळावरचा (औसा) | शनिवार, रात्री ९:१०

आमच्या औशावरून रत्नागिरी-नागपूर महामार्ग जातो. रस्ता चौपदरी झाल्यापासून अण्णा संध्याकाळी पुलावर जाऊन बसतात. एकदा माझ्या मुलीनं विचारलं, "आजोबा, हा रस्ता कुठं संपतो?" ते म्हणाले, "समुद्रात." अण्णांचं वय ६८. सगळा जन्म सोयाबीन, तूर आणि त्याआधी ज्वारी-करडईत गेला. समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता. त्या दिवशी ठरवलं की ह्या रस्त्याच्या शेवटापर्यंत त्यांना घेऊन जायचंच.

पौषात तुरीची रास झाली आणि निघालो. तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा, मिरज, कोल्हापूर, मग आंबा घाट. मिरजेला चहाला थांबलो तेव्हा अण्णा बराच वेळ रेल्वेच्या दिशेनं बघत होते. मग म्हणाले, "पाणी हितून आलं होतं." २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला जी पाण्याची रेल्वे आली ती मिरजेहून भरून यायची, हे त्यांच्या पक्कं लक्षात होतं. रत्नागिरीत पोचल्यावर कळलं की तिकडं ह्याच रस्त्याला मिऱ्या-नागपूर महामार्ग म्हणतात. मिऱ्या म्हणजे रत्नागिरीचा किनारा. अण्णा मुलीला बोलले होते ते शब्दशः खरं निघालं.

पहिल्या दिवशी सगळे जातात तसंच गणपतीपुळ्याला गेलो. दर्शन झालं, वाळूवर गेलो. गर्दी, उंटाची सवारी, भेळेच्या गाड्या. अण्णा पाण्यात पाय बुडवून उभे राहिले, थोडं पाणी डोळ्याला लावलं आणि "झालं, चला" म्हणाले. मला वाईट वाटलं. इतक्या लांब आणलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही.

हा धागा काढतोय तो दुसऱ्या दिवसासाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नागिरीहून दक्षिणेला निघालो. पावस, मग पूर्णगड. तिथं मुचकुंदी नदी समुद्राला मिळते आणि वर टेकडीवर छोटासा किल्ला आहे. खाडीवरचा पूल ओलांडून गावखडी आणि पुढं राजापूर तालुक्यातलं कशेळी. कनकादित्याचं म्हणजे सूर्याचं देऊळ तिथं आहे. कौलारू, लाकडी खांबांचं, शांत. देवाची मूर्ती गलबतातून आली, गलबत इथं अडलं आणि मूर्ती कड्यातल्या गुहेत ठेवली गेली, असं सांगतात. त्या गुहेवरून खालच्या किनाऱ्याला देवघळी नाव पडलं. घळ म्हणजे कड्यातली कपार.

देवळातून बाहेर पडून आम्ही सड्यावर आलो. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोकण म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर नारळ-सुपारी येते. पण ती खाली, वाडीत. वर डोंगराच्या माथ्यावर मैलोन्मैल सपाट, लाल-काळ्या जांभ्या दगडाचं पठार असतं. झाड नाही, सावली नाही. भोकाभोकांचा दगड, त्याच्या फटीत वाळलेलं पिवळं गवत, मधूनमधून करवंदीची जाळी आणि गुरं. त्याला सडा म्हणतात. आणि हा सडा चालत चालत एका ठिकाणी तुटतो. तिथून सरळ खाली समुद्र.

सड्यावर पन्नास पावलं चाललो असू, अण्णा खाली बसले. मी घाबरलो, चक्कर आली का म्हणून. ते धोतराला लागलेली कुसळं काढत होते. एक कुसळ बोटात धरून उन्हात बघितलं. त्याचं पीळ दिलेलं शेपूट, टोकाचा काटा. म्हणाले, "हे तर आपलंच माळरान हाय. बांधाच्या पल्याड पाणी हाय तेवढंच." त्यानंतर पुढचे तीन तास ते माझ्या पुढं चालत होते.

वाट म्हणजे गुराख्यांची पायवाट, कड्याच्या काठाला धरून वरखाली होणारी. कुठं पठार आत वळतं तिथं खालून पाण्याचा घुमल्यासारखा आवाज येतो, कुठं पुढं सुळका निघालेला. तिथून उत्तरेला आणि दक्षिणेला एकामागं एक कडे दिसतात, दुपारच्या उन्हात धुरकट होत गेलेले. देवघळीची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, दोन कड्यांच्या बेचक्यात आहे, वरून बघितली तर चंद्रकोरीसारखी.

तिथंच समुद्री गरुड बघितला. पक्षी बघायचा म्हणजे आपण मान वर करतो आणि आपल्याला त्याचं पोट दिसतं. इथं तो आमच्या पायांच्या खाली उडत होता. राखाडी पाठ, पांढरंशुभ्र डोकं, पाचरीसारखी आखूड शेपटी, सगळं वरून. पंख न हलवता कड्याच्या वाऱ्यावर तो नुसता टेकून होता. वाऱ्याला धक्का बसला की पंखाचं एखादं टोकाचं पीस हलायचं, तेवढंही दिसत होतं. माझ्या मुलीनं माझा हात घट्ट धरला आणि एक शब्द बोलली नाही. नंतर दूर पाण्यात करड्या पाठी वर आल्या, बुडाल्या, परत वर आल्या. चार डॉल्फिन होते. अण्णा म्हणाले, "म्हशी डुंबायल्यात की."

आता चूक सांगतो, माझीच. फोटोसाठी मी एका टोकावर जाऊन उभा राहिलो. बऱ्यापैकी रुंद, सपाट दगड होता. गुरं राखणारे एक आजोबा लांबून ओरडले. जवळ आले आणि शांतपणे म्हणाले, "तिथे उभे राहू नका, खालून पोखरलेलं असतं." मला वाटलं, उगाच काळजी करतात. वळसा घालून पलीकडच्या सुळक्यावर गेलो आणि तिथून मागं बघितलं. मी उभा होतो तो दगड घराच्या छज्ज्यासारखा हवेत बाहेर आलेला होता. खाली काहीच नाही, थेट पाणी. जेमतेम दोन हात जाडीचा असेल. मुलगी माझ्या शेजारी उभी होती तिथं, हे आठवलं की आजही पोटात कालवतं.

सड्यावरचा कातळशिल्पातला हत्तीही बघितला, त्याबद्दल खाली लिहीन, आता फार लांबलं. मराठवाड्यातून समुद्र बघायला जाणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की निदान एक दिवस वाळू सोडा आणि सड्यावरून चाला. माळावर चालायची सवय असलेल्या माणसाला समुद्र तिथून जास्त कळतो. इथं आणखी कोणी अशा कड्यांवरून चाललंय का? वाटा, वेळा, धोके, जे माहीत असेल ते लिहा.

---

उदगीरकर | शनिवार, रात्री ९:५२

फार मनापासून लिहिलंय. तुमच्या जांभ्या दगडावरून आठवलं. आमच्याकडून बीदर जवळ. तिथल्या किल्ल्यात तोच लाल, भोकाभोकांचा दगड आहे. लहानपणी सहलीला गेलो की आम्ही त्या भोकांत बोटं घालायचो. बीदरचं पठारही जांभ्याचंच. म्हणजे समुद्रापासून इतक्या लांब आपल्या दारातही सड्याचा एक तुकडा आहे, फक्त कड्याखाली पाणी नाही.

दोन प्रश्न. वाट खुणा केलेली आहे का? आणि मुक्कामाची सोय कशी?

---

माळावरचा | शनिवार, रात्री १०:२०

खुणा नाहीत. गुरांच्या वाटा आहेत आणि त्या एकमेकींत मिसळतात. काठ डाव्या-उजव्या हाताला ठेवून चालायचं, पण काठापासून किमान दहा पावलं आत. मध्ये मध्ये गडगे लागतात, म्हणजे जांभ्याच्या दगडांचे रचलेले बांध, आंब्या-काजूच्या बागांभोवतीचे. ते ओलांडू नका, खासगी जमीन असते. वळसा घ्या किंवा बागेत माणूस दिसला तर विचारा, प्रेमानं वाट दाखवतात.

मुक्काम गावातल्या घरीच केला. जेवायला भात, कुळथाचं पिठलं, सोलकढी. अण्णांना भाकरी लागते, तर त्या माउलीनं तांदळाची करून दिली.

हत्तीबद्दल. कशेळीच्या सड्यावर जमिनीत कोरलेला हत्ती आहे, सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर उंच. त्याच्या अंगातच कितीतरी दुसरे प्राणी, मासे कोरलेत. उभं राहून अख्खा हत्ती एकदम दिसत नाही. कडेकडेनं चालत रेषा जोडत जावं लागतं, आधी पाय कळतो, मग सोंड. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली अशी कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. आता ह्या किनाऱ्यावर रानहत्ती नाहीत, पण ज्यांनी कोरलं त्यांना हत्ती चांगला माहीत होता. आपल्या मांजरा नदीच्या काठच्या थरांतही पुरातन हत्तींचे जीवाश्म सापडलेत, ते मला तिथं उभं असताना आठवलं.

---

नांदेडी | शनिवार, रात्री ११:०५

भाऊ, वाचायलो तसं समदं डोळ्यासमोर यायलंय. अण्णांना माझा नमस्कार सांगा. कुसळाचं वाचून डोळ्यात पाणी आलं बगा. माझ्या वडिलांना न्यायचं राहूनच गेलं.

---

माहेर रत्नागिरी | रविवार, सकाळी ७:३०

माझं माहेर रत्नागिरीजवळ, सासर परभणी. बावीस वर्षं झाली इकडे. सड्यावर कुणी इतक्या मायेनं लिहिलेलं वाचून सकाळीच माहेरी जाऊन आल्यासारखं झालं. आमच्याकडचीच माणसं म्हणतात, "सड्यावर काय आहे बघण्यासारखं?" त्यामुळे औशाच्या अण्णांना ते कळलं याचं मला फार कौतुक वाटलं.

काही गोष्टी सांगते, नीट वाचा, जिवाशी संबंध आहे.

आधी कडा. त्या आजोबांनी सांगितलं ते अगदी बरोबर. जांभा वरून कडक दिसतो, पण त्याच्या खाली मऊ, पिवळट-पांढरा चिकणमातीसारखा थर असतो. पावसाचं पाणी जांभ्याच्या भोकांतून झिरपून त्या थरावर येतं, तो थर वाहून जातो आणि वरचा दगड अधांतरी राहतो. पावसाळ्यानंतर असे तुकडे सुटतात. सड्यावर काठाला समांतर लांब भेग दिसली तर तिच्या पलीकडे पाऊलही टाकायचं नाही.

दुसरं, फुरसं, हा विषारी साप. तुमच्याकडेही असतं, पण रत्नागिरीच्या सड्यावर ते फार. हातभरही लांब नसतं, दगडाच्या रंगात मिसळून जातं, दगडाखाली आणि कपारीत बसतं. डिवचलं तर वेटोळं करून खवले एकमेकांवर घासतं, करवतीसारखा आवाज येतो. तो आवाज आला की जागच्या जागी थांबायचं आणि मग मागे सरायचं. सड्यावर चप्पल घालून फिरू नका, घोट्यापर्यंत बूट हवेत. दगड उचलू नका, बसताना आधी काठी आपटा. चावलंच तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, चोखायचं नाही. माणसाला हलू न देता सरळ सरकारी रुग्णालयात न्यायचं, प्रतिविष तिथेच मिळतं. ह्या विषाने रक्त गोठेनासं होतं आणि त्रास उशिरापर्यंत दिसत राहतो, म्हणून "आता बरं वाटतंय" म्हणून परत फिरू नका.

तिसरं, भरती. देवघळीसारख्या बेचक्यातल्या पुळणीवर उतरायचं असेल तर भरती-सुकतीची (सुकती म्हणजे ओहोटी) वेळ पाहिल्याशिवाय उतरू नये. मोबाईलवर वेळापत्रक मिळतं, पण सड्याखाली रेंज जाते. आमच्या घरी वापरायचे तो हिशेब सांगते, तुम्हाला सोपा जाईल, कारण घरोघरी कालनिर्णय असतंच. तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं. येईल तो आकडा म्हणजे भरतीची वेळ, सकाळची आणि संध्याकाळचीही. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला भरती, म्हणजे मधे दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण सुकती. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. थोडं मागेपुढे होतं, पण अंदाज पक्का मिळतो. रोज भरती साधारण पाऊण तासाने पुढे जाते, त्यातूनच हा हिशेब आला.

माळावरचा दादा, तुम्ही कुठल्या तिथीला होतात?

---

माळावरचा | रविवार, सकाळी ८:१५

ताई, आत्ता कालनिर्णय काढून बघितलं. पौष वद्य अष्टमी. आम्ही साडेअकरा ते दीडच्या दरम्यान खाली पुळणीवर होतो. म्हणजे निव्वळ नशिबानं सुकतीत गेलो. मी वेळ वगैरे काही बघितली नव्हती. अण्णांना तुमचा हिशेब वाचून दाखवला. त्यांनी लगेच बोटावर पंचमीचं करून बघितलं, पावणेचार. दिवसभर आता हेच चालणार.

---

गोदाकाठ (पैठण) | रविवार, दुपारी १:४०

ताईंच्या हिशेबानं माझ्या एका जुन्या प्रसंगाचा उलगडा झाला, म्हणून लिहितो.

सहा वर्षांपूर्वी आईला घेऊन हरिहरेश्वरला गेलो होतो. आईची इच्छा होती, तिथं प्रदक्षिणा करायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही प्रदक्षिणा देवळाभोवती नसते, अख्ख्या टेकडीभोवती असते. देवळामागून पायऱ्या चढायच्या, मग दोन कातळांच्या मधल्या अरुंद फटीतून खोल पायऱ्या उतरायच्या आणि एकदम समोर समुद्र. तिथून टेकडीच्या पायथ्याला धरून, लाटांनी घडवलेल्या खडकांवरून चालत परत देवळाच्या बाजूला यायचं. त्या खडकांत लाटांनी आणि वाऱ्यानं मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकं पाडलीत. एका भिंतीला हात लावला तर दगड आहे यावर विश्वास बसत नाही, जाळी विणल्यासारखी ती. खळग्यांतल्या पाण्यात छोटे खेकडे, दगडाला चिकटलेली कालवं, आणि एक करडा समुद्री बगळा अगदी लाटेच्या तोंडाशी स्तब्ध उभा. आई माझी पैठणची, जन्मभर नाथसागरावर रोहित पक्षी आणि बगळे बघितलेली. तिनं तो लगेच ओळखला, "हा आपल्यापेक्षा काळपट आहे."

आम्ही गेलो होतो पौर्णिमेला. चांगला दिवस म्हणून मुद्दाम. सकाळी पोचलो, रांगेत दर्शन झालं, आणि साडेदहाला प्रदक्षिणेला निघालो. फटीतून खाली उतरलो तेव्हा वाट कोरडी होती. अर्ध्यावर गेलो आणि पुढच्या वळणावर पाणी खडकावर चढलेलं दिसलं. मागं बघितलं तर आत्ता चाललो तिथंही फेस. आईला गुडघ्याचा त्रास. एक लाट आली ती कमरेपर्यंत भिजवून गेली, आईची पिशवी गेली, आणि तिच्या हाताला धरलेली माझी पकड सुटता सुटता राहिली. वर एक रुंद खाच होती, तिथं तिला अक्षरशः ढकलून चढवलं. बरोबर आणखी एक कुटुंब होतं, त्यांच्या मुलानं वरून हात दिला. आम्ही तिथं तासन्‌तास बसून राहिलो, दुपार उलटून पाणी उतरेपर्यंत. आई सगळा वेळ रामरक्षा म्हणत होती.

आज कळतंय की पौर्णिमेची भरती सव्वाअकराच्या सुमाराची आणि ती उधाणाची. आपण मराठवाड्यातली माणसं देवाला जातो ते पौर्णिमेला, अमावास्येला. रात्रीचा प्रवास करून सकाळी पोचतो, दर्शनाला दहा-साडेदहा होतात. म्हणजे नेमकी सगळ्यात मोठी भरती चढत असते तेव्हाच आपण खडकावर उतरतो. महाशिवरात्रीचंही तेच, चतुर्दशी, चौदा त्रिक बेचाळीस, भागिले चार, साडेदहा. त्या दिवशी तर महादेवाला केवढी गर्दी असते.

कृपया हे आपापल्या गावच्या यात्रा काढणाऱ्यांना सांगा. दर्शन कधीही घ्या, पण प्रदक्षिणा सुकतीलाच. पौर्णिमेला गेलात तर पहाटे किंवा संध्याकाळी पाचच्या सुमारास, आणि संध्याकाळी अंधाराच्या आत परत.

---

माहेर रत्नागिरी | रविवार, दुपारी ३:०५

दादा, वाचताना हात थरथरले. आई आता कशा आहेत?

तुम्ही जे तिथीचं जोडलंत ते माझ्याही कधी लक्षात आलं नव्हतं. आम्हाला भरतीची वेळ अंगवळणी, त्यामुळे बाहेरून येणाऱ्याचा दिवस कसा जातो हे आम्ही बघतच नाही. उधाण अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं. नवख्या माणसाने अष्टमी-नवमी धरावी, दुपार मोकळी मिळते आणि समुद्रही त्यातल्या त्यात शांत.

---

गोदाकाठ (पैठण) | रविवार, दुपारी ३:३०

आई ठणठणीत आहे ताई. परत जायचं म्हणते.

---

बालाघाटी (बीड) | रविवार, रात्री ८:४५

मी पाटोद्याकडचा. नायगावचं मोर अभयारण्य आमच्या जवळ. माळरानावर पक्षी बघण्यात माझी पंधरा-सोळा वर्षं गेली. धाग्यातलं अण्णांचं वाक्य मी वहीत लिहून घेतलं, कारण त्यात फार मोठी गोष्ट आहे.

माळ आणि सडा दोन्ही सरकारी कागदावर पडीक असतात. "पडीक" हा शब्द वाचला की पुढचा माणूस तिथं काहीही करायला मोकळा होतो. आमच्याकडं माळावर खड्डे घेऊन झाडं लावतात, पवनचक्क्यांसाठी रस्ते फोडतात. तिकडं चिरेखाणी, सुरुंग लावून आंब्याच्या बागा. जमिनीवर घरटं करणारी टिटवी, चंडोल, खोकड, ससा, ह्यांचं तिथं घर आहे हे कुणाच्या हिशेबात नसतं. मी गेल्या भाद्रपदात देवगडजवळच्या सड्यावर दोन दिवस चाललो. जानेवारीत जो सडा करपलेला दिसतो तो तेव्हा ओळखू येत नाही. कातळावर वितभर पाण्याची डबकी, त्यांच्या कडेनं गेंदाची पांढरी बटणासारखी फुलं आणि सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा गालिचा. हे सीतेचं आसू म्हणजे किडे खाणारी वनस्पती आहे. जांभ्यावर मातीच नाही, खायला मिळत नाही, म्हणून मुळांशी असलेल्या बारीक पिशव्यांत ती पाण्यातले जीव पकडते. मी पोटावर झोपून भिंगातून बघितलं, एकेक पिशवी मोहरीहून लहान.

आणि पाण्याची गोष्ट. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्याकडं सातशे-आठशे. तरी मे महिन्यात सड्यावरच्या वाड्यांना टँकर लागतात. सगळं पाणी कड्यावरून समुद्रात जातं. एका वाडीत बाई हंडा घेऊन उभ्या होत्या आणि मागं अथांग समुद्र. आष्टीतला माणूस असता तर त्यालाही तो हंडा ओळखीचा वाटला असता.

भाद्रपदात जायचं असेल तर एक सांगतो, शेवाळानं कातळ इतका निसरडा होतो की काठाच्या जवळपासही जाऊ नये. फुलं आत पठारावरच असतात, कड्यावर जायची गरजच नाही. आणि फुलांत पाय ठेवू नका, डबक्यांच्या मधल्या उघड्या कातळावरून चाला.

---

शाळेची घंटा (धाराशिव) | सोमवार, दुपारी १२:१०

मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. भरती-ओहोटी, सागरी कडे, तरंगघर्षित मंच हे सगळं आम्ही फळ्यावर चित्र काढून शिकवतो. माझ्या वर्गातल्या चाळीसपैकी दोन मुलांनी समुद्र पाहिलाय. हा धागा वाचल्यापासून नववीच्या मुलांना नेण्याचं मनात घोळतंय. सड्यावरची चाल मुलांना जमेल का? आणि कासवंही दिसतील असं काही करता येईल का?

---

माहेर रत्नागिरी | सोमवार, दुपारी २:२०

बाई, नक्की न्या. पण कड्याच्या काठाने चाळीस मुलं नेऊ नका. एका वेळी दहा, पुढे-मागे मोठं माणूस, आणि गावातला एक माहीतगार बरोबर. सड्याच्या आतल्या बाजूने कातळशिल्पं दाखवा. तिथे बूट घालून रेषांवर चढू द्यायचं नाही, पाणी किंवा खडू टाकून रेषा उठून दिसाव्यात असलं काही करायचं नाही. काठावरून समुद्र बघायचा तो एका ठिकाणी, बसून.

कासवांसाठी फेब्रुवारीचा शेवट ते एप्रिल. ऑलिव्ह रिडले मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते. साधारण ५० दिवसांनी पिल्लं निघतात आणि सकाळी किंवा संध्याकाळी त्यांना समुद्रात सोडतात. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला हे काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून सुरू केलं. आता किनाऱ्यावर पुष्कळ गावांत होतं, गावखडीलाही आणि गुहागरलाही. मुलांना ही गोष्ट सांगा: २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर खूण लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आली. पूर्वेचा किनारा, बहुधा श्रीलंकेला वळसा, मग आपला किनारा. नकाशावर बोटाने तो रस्ता काढायला लावा.

पिल्लं सोडताना दोरीच्या मागे राहायचं, हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही. ती स्वतः चालत पाण्यापर्यंत जातात तेच त्यांच्यासाठी महत्त्वाचं.

---

बालाघाटी (बीड) | सोमवार, सायंकाळी ६:००

बाई, अजून एक. समुद्री गरुडाचं घरटं उंच झाडावर असतं, वर्षानुवर्षं तेच वापरतात. मुलांना दुर्बिणीतून लांबून दाखवा. त्या झाडाचा ठिकाणासह फोटो कुणीही टाकू नये, इथंही नाही.

---

शाळेची घंटा (धाराशिव) | सोमवार, रात्री ९:३५

सगळ्यांचे आभार. आज पालकसभेत विषय काढला. एका आजींनी विचारलं, आम्ही आलो तर चालेल का. दहा-दहाचे गट करायचे म्हणजे मोठी माणसं लागणारच आहेत. फाल्गुन वद्य अष्टमी धरते. परीक्षेच्या आधी बसतंय का ते मुख्याध्यापकांशी बोलून उद्या सांगते. माळावरचा दादा, त्या गुरं राखणाऱ्या आजोबांची वाडी कुठली? मुलांबरोबर तेच आले तर बरं होईल.

---

माळावरचा | सोमवार, रात्री १०:५०

बाई, वाडी इथं उघड लिहीत नाही, तुम्हाला निरोप पाठवतो. त्यांना फोन नाही, पण आम्ही उतरलो होतो त्या घरच्यांना सांगितलं की त्यांच्यापर्यंत पोचतं. दुपारी गुरं पाण्याला नेतात, तेव्हा सकाळी आठपर्यंत गाठा.

अण्णा विचारतायत, दहाच्या गटाला एक मोठं माणूस कमी पडत असेल तर ते येऊ का. बूट घ्यायला उद्या औशाच्या बाजारात जातोय.